ऑक्सफर्ड की केंब्रिज? लंडनहून एकच दिवस मिळत असेल तर असं ठरवा

मुलाकडे लंडनला चाललोय, एक दिवस मोकळा आहे, ऑक्सफर्ड करू की केंब्रिज? उन्हाळा जवळ आला की नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी हे विचारतंच, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

आधी एक सांगते, दोन्ही एका दिवसात करायचं डोक्यातून काढून टाका. नकाशात जवळ दिसतात पण दोघांमधे थेट ट्रेन नाही, लंडनला परत येऊन दुसऱ्या स्टेशनवरून गाडी धरावी लागते आणि दिवस सगळा गाडीतच जातो. ऑक्सफर्डला पॅडिंग्टनवरून साधारण तासभर, केंब्रिजला किंग्ज क्रॉसवरून फास्ट गाडीने 50 मिनिटांच्या आसपास. मुलाचं घर कुठल्या बाजूला आहे ते बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. ऑक्सफर्डला स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की गावात, केंब्रिजचं स्टेशन मात्र गावापासून दोनेक किलोमीटर लांब, आपल्या नाशिकरोडइतकं नाही पण आईवडील सोबत असतील तर बस पकडाच.

आता महिना. आपण सगळे शाळांच्या सुट्ट्या बघून मे मधे जातो आणि तिथे नेमक्या त्याच वेळी परीक्षा असतात. केंब्रिजची बरीच कॉलेजं एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बाहेरच्यांना बंद असतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं, एका कॉलेजच्या गेटवरून आईला घेऊन परत फिरलो, तिचा चेहरा अजून आठवतो मला. त्यामुळे ज्या कॉलेजसाठी जाताय त्याच्या वेबसाइटवर त्या तारखेचं बघूनच तिकीट काढा. ऑक्सफर्डमधेही काही दारं बंद असतात पण कॉलेजं सोडून बघण्यासारखं तिथे इतकं आहे की दिवस वाया जात नाही. म्हणून मे असेल तर माझं मत ऑक्सफर्ड, जुलै-ऑगस्ट किंवा सप्टेंबर असेल तर पुढचं वाचून ठरवा.

घरात कोणाला गणिताचं वेड असेल तर केंब्रिज, बाकी विचारच नको. ट्रिनिटी म्हणजे न्यूटनचं कॉलेज, तिथेच रामानुजन 1918 मधे फेलो, म्हणजे कॉलेजच्या विद्वानांपैकी एक, झाले, आणि शेजारच्या सेंट जॉन्समधून आपले रँग्लर परांजपे 1899 मधे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा! जयंत नारळीकर पण केंब्रिजचेच. किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनाघर, 1446 मधे सुरू होऊन 1515 मधे पूर्ण झालं, आत शिरलात की मान वर करा, दगडाचं छत पंख्यासारखं उलगडत गेलंय आणि एवढं मोठं तसलं छत जगात दुसरं नाही. टर्म चालू असेल तर इव्हनसाँगला, म्हणजे गायकवृंदातली मुलं गातात त्या संध्याकाळच्या प्रार्थनेला बसा, तिकीट नसतं, त्या मुलांचे आवाज ऐकून आमच्या घरातले कधी गप्प न बसणारेही गप्प बसले होते. आणि पंट, म्हणजे बांबूने ढकलायची सपाट होडी. पाऊण तास कॉलेजांच्या मागून नदीतून फिरवतात, स्वतः ढकलायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका, माणूस घ्या, तो गोष्टी पण सांगतो. गुडघे दुखणाऱ्यांना यापेक्षा चांगली सोय नाही.

ऑक्सफर्ड हे पुस्तकं, म्युझियम आणि गल्ल्यांमधून पायी भटकायची आवड असणाऱ्यांचं. बोडलियन लायब्ररी 1602 पासून चालू आहे, गाईड घेऊनच बघा. समोर रॅडक्लिफ कॅमेरा या गोल लायब्ररीचा घुमट, तो वरून बघायला सेंट मेरी चर्चच्या टॉवरच्या 127 पायऱ्या, वणीला पायऱ्यांनी जाणाऱ्याला आकडा छोटा वाटेल पण जिना अरुंद आणि गोल आहे बरं. अ‍ॅशमोलियन आणि पिट रिव्हर्स ही दोन्ही म्युझियम फुकट, पाऊस आला की सरळ आत शिरायचं. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे, तो शोधायला मुलांना सांगा. मे-जूनमधे काळ्या गाऊनवर कार्नेशनचं फूल लावलेली मुलं दिसतील, पहिल्या पेपरला पांढरं, शेवटच्याला लाल, मधल्यांना गुलाबी.

पण नाशिककराने ऑक्सफर्डला जायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. कॉर्नेलिया सोराबजी 1866 मधे आपल्या नाशिकमधे जन्मली, ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली बाई, सोमरव्हिल कॉलेजची. 1892 मधे बीसीएलची, म्हणजे कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली पण तेव्हा बायकांना डिग्रीच देत नव्हते, ती हातात पडली 1922 मधे, तीस वर्षांनी! केंब्रिजने तर बायकांना डिग्री द्यायला 1948 उजाडवलं. सोमरव्हिल गावाच्या मधल्या भागापासून चालत जाण्यासारखं आहे, आत सोडलं नाही तरी गेटपाशी दोन मिनिटं थांबा, सोबत मुलगी असेल तर तिला हे सगळं तिथे उभं राहून सांगा.

तिकीट ऑफ-पीकचंच काढा, सकाळची गर्दी संपल्यावर निघायचं, आणि तिघे किंवा जास्त मोठे असाल तर ग्रुपसेव्ह विचारा, एक तृतीयांश पैसे वाचतात. मे मधे पण स्वेटर लागतो.