पान बदललं तरी फाइल एकच ठेवा

वरूडकडचा संत्रा टनावर जातो, हिंगणघाटचा कापूस क्विंटलवर. दोन्हींच्या भावाची वेबपानं बनवताना मी जावास्क्रिप्टची फाइल कॉपी करून पीक आणि एकक तेवढं बदललं. तूर आली, तिसरी कॉपी झाली. मग तारखेतली एक चूक सापडली. ती दोन ठिकाणी दुरुस्त केली, तिसरं राहूनच गेलं.

तेव्हापासून फाइल एकच. भाव आणणं आणि तक्ता भरणं, एवढंच तिचं काम. पीक कोणतं ते पान सांगतं: तक्त्याच्या टॅगवर डेटा-पीक, डेटा-एकक असे अॅट्रिब्यूट (टॅगला जोडलेली माहिती) लिहायचे आणि फाइलमध्ये ते डेटासेटमधून, म्हणजे टॅगवरच्या या डेटा-माहितीच्या संचातून, वाचायचे. फाइलच्या सुरुवातीला नेहमीच्या मूल्यांचा एक ऑब्जेक्ट (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा गठ्ठा) ठेवा; पानाने काही सांगितलं नाही तर हीच मूल्यं वापरायची. नव्या ऑब्जेक्टमध्ये आधी तो स्प्रेड करा, म्हणजे त्यातली मूल्यं ओता, मग पानाच्या सेटिंग्ज. नंतर आलेलं मूल्य टिकतं, म्हणून क्रम उलटा झाला की पानाचं कोणी ऐकत नाही.

इथे बरेच जण अडकतात: डेटासेटमधून येणारं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं. ‘फॉल्स’ लिहिलं तरी ती रिकामी नसलेली स्ट्रिंग, त्यामुळे इफची अट खरीच ठरते. होय-नाही असेल तर थेट ‘ट्रू’ या स्ट्रिंगशी ताडून पाहा. आकडे नंबर फंक्शनमधून काढा.

आपल्याकडे शेतात रेंज जेमतेम. कॅशिंग (उतरवलेली फाइल ब्राउझरने जपून ठेवणं) नीट लावलेलं असेल तर कापसाचं पान उघडताना आलेली फाइल तुरीच्या पानाला पुन्हा उतरवावी लागत नाही.