लघवी, घाई आणि जोर: मूत्राशयाच्या बाबतीत या चुका टाळा

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. 150 ते 200 मिलिलिटर जमली की पहिली चाहूल लागते. ही चाहूल म्हणजे ‘आत्ताच जा’ असा हुकूम नव्हे. तिच्यानंतरही बहुतेकांच्या हाताशी तासभर तरी असतो.

पिशवी भरत असताना तिच्या भिंतीतला डेट्रुसर स्नायू सैल राहून ताणत जातो, म्हणून आतला दाब फारसा वाढत नाही. त्याच वेळी मूत्राशयाचं तोंड आणि त्याखालचा स्फिंक्टर, म्हणजे आपल्या ताब्यातली कडी, आवळलेली असते. सोडताना सगळं उलट होतं, आणि त्यालाही क्रम आहे. मेंदूच्या तळाकडून इशारा येतो, आधी कडी सैल पडते, मग डेट्रुसर आवळतो. खालच्या बहुतेक चुका हा क्रम बिघडवणाऱ्या आहेत.

जोर लावणं

घाईत असलं की पोटाचा जोर लावून लघवी उरकायची सवय अनेकांना असते. पण पोट आवळलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळतात, म्हणजे जी कडी सैल पडायला हवी तीच घट्ट होते. धार तुटते, थोडी लघवी मागे राहते आणि अर्ध्या तासात पुन्हा लागते. बसा, श्वास सोडा आणि धार आपसूक सुरू होऊ द्या. संपल्यासारखं वाटलं तरी अर्धा मिनिट थांबून थोडं पुढे वाका. उरलेली येऊन जाते. जोर लावल्याशिवाय धार सुरूच होत नसेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी प्रोस्टेट (मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली ग्रंथी) तपासून घ्यावं.

बायकांच्या बाबतीत याचाच दुसरा प्रकार दिसतो. बसस्थानकातलं कमोड अस्वच्छ असतं म्हणून त्याला न टेकता अधांतरी लघवी केली जाते. मांड्या आणि ओटीपोटाचा तळ ताठ राहिल्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. कमोड पुसून किंवा कागद घालून नीट टेकावं. भारतीय पद्धतीच्या संडासात पूर्ण उकिडवं बसणं चालतं. त्रास होतो तो अर्धवट वाकण्याने.

‘निघण्याआधी जाऊन येऊ या’

लांबच्या प्रवासाआधी एकदा जाणं ठीक. पण घरातून निघताना, ऑफिसात पोचल्यावर, मीटिंगआधी, असं न लागताच जात राहिलं, तर मेंदू 100 मिलिलिटरलाच ‘भरली’ समजू लागतो. पिशवी लहान होत नाही, तिची सूचना लवकर येऊ लागते.

हे स्वतःला पटवायला तीन दिवसांची नोंद पुरते. मापाचं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्ये ठेवा. वेळ आणि मिलिलिटर लिहा. समजा नोंद अशी आली: सकाळी 6.30 ला 420, 7.45 ला, चहानंतर, 110; 8.50 ला, निघण्याआधी, 80; 10 ला 120. सकाळचा आकडाच सांगतो की या पिशवीत 420 मावतात. म्हणजे नंतरच्या फेऱ्या सवयीच्या किंवा अतिसंवेदनशील मूत्राशयाच्या आहेत. याउलट प्रत्येक वेळी 350 च्या पुढे आणि दिवसभरात तीन लिटरहून जास्त भरत असेल, तर मूत्राशय निर्दोष आहे. पाणी किती पिता ते पाहा आणि रक्तातली साखर तपासा.

फेऱ्या कमी करायच्या तर घाई आली की पळू नका. घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. पळताना ती शिगेला असते. जागेवर उभे राहा किंवा बसा, ओटीपोटाचा तळ पाच-सहा वेळा पटपट आवळा, लक्ष दुसरीकडे न्या, लाट ओसरली की सावकाश चालत जा. दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधलं अंतर 15 मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्या.

पाणीच न पिणं

ड्युटीवर संडास नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढणाऱ्या बायका कमी नाहीत. दोष त्यांचा नाही, सोयीचा आहे. पण भोगावं त्यांनाच लागतं. गडद, दाट लघवी मूत्राशयाला टोचते, घाई वाढते. तासन्‌तास साठून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो आणि उन्हाळी लागते. पाणी थोडं-थोडं दिवसभर प्यावं, तीन-चार तासांनी लघवीला जावं. चहा-कॉफी कमी करून पाहावी. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरं करा. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं. लहान मुलांत हे फार दिसतं. तिथे कमोडवर बसताना पायांखाली स्टूल द्या, लोंबत्या पायांनी तळ सैल पडत नाही.

मध्येच धार तोडण्याचा व्यायाम

कोणता स्नायू आवळायचा हे ओळखायला एकदा धार थांबवून पाहिली तर चालेल. रोजचा व्यायाम म्हणून नको. सोडण्याच्या वेळी आवळायची सवय मूत्राशयाला लागते. मूत्राशय रिकामं असताना, श्वास न रोखता, पाच ते दहा सेकंद आवळा, तेवढाच वेळ सोडा. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. फरक कळायला तीन महिने द्यावे लागतात.

सोनोग्राफीआधी तट्ट फुगवणं

लिटरभर पाणी पिऊन, रांगेत कळ काढत थांबून तपासणी झाली, की ताणलेला डेट्रुसर नीट आवळत नाही आणि ‘लघवीनंतर शिल्लक’चा आकडा फुगतो. एरवी 50 मिलिलिटरपेक्षा कमी शिल्लक चांगली. आकडा मोठा आला तर घाबरण्याआधी, नेहमीइतकी लागली असताना पुन्हा मोजायला सांगा.

सर्दीची गोळी आणि प्रोस्टेट

सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असतात. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं डेट्रुसर ढिला करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एका रात्रीत तुंबायला एवढं पुरतं. केमिस्टकडे प्रोस्टेटचं आधी सांगा.

लघवी तुंबली, ओटीपोट फुगून दुखतंय, तर ‘जोराने उतरेल’ म्हणून वर पाणी पिऊ नका. पिशवी आणखी ताणते. नळी घालून मोकळी करावी लागते, लगेच रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत मांड्यांमधला भाग बधिर झाला आणि लघवी अडली, तर मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची शंका धरून त्याच तासाला निघा. जुन्या मधुमेहात मात्र तुंबलेलं दुखतच नाही: थेंब थेंब गळत राहतं, घरच्यांना वाटतं लघवी होतेय, आणि पिशवीत लिटरभर साठलेली असते. अशा वेळी लघवीनंतरची सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या.