रोजची गाडी, अधूनमधून शर्यत: टायर निवडताना या चुका टाळा

गाडी पळवायची हौस बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जुनी आहे. हल्ली ती मोटारसायकलीवरून स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटीवर आली. गाडी एकच, सोमवार ते शनिवार उद्यमबागेत कामावर, आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या रविवारी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या नाहीतर कोइमतूरच्या कारी स्पीडवेच्या ट्रॅकवर. अशा गाडीला टायर कोणते घालायचे यावर तासन्‌तास वाद होतात आणि बहुतेक वाद ‘लॅपला किती सेकंद वाचतील’ इथून सुरू होतात. माझ्या मते विचार दुसऱ्या टोकाकडून करावा. इरुंगट्टुकोट्टईहून बेळगाव आठशे किलोमीटरच्या वर आहे आणि ते अंतर त्याच चार टायरवर कापून घरी यायचं असतं. टायर घ्यायचा तो या परतीच्या रस्त्यासाठी. ट्रॅकवर तो जे देईल ते वर मिळालेलं समजायचं.

सेमी-स्लिकचा मोह

मऊ रबराचा सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत टायर ट्रॅकवर चिकटतो, हे खरंच. पण तो चिकटतो चांगला तापल्यावर. रस्त्याच्या साध्या वेगाला तो पुरेसा तापतच नाही, आणि नक्षी उथळ असल्यामुळे पाणी बाहेर फेकायला त्याला जागा नसते. जुलैत चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणाऱ्या माणसाने असा टायर घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण आहे.

काही टायरांच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ आकडा असतो. तो जितका कमी, तितकं रबर लवकर झिजणारं. दोनशे किंवा त्याखाली असेल तर तो शर्यतीकडे झुकलेला. साधे टायर तीनशे ते पाचशेच्या आसपास असतात. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा तीनशे आणि दुसरीचा तीनशे एकच असेल असं नाही. एकाच कंपनीचे दोन टायर पडताळायला मात्र तो कामाला येतो. मिश्र वापराला मी तीनशेच्या जवळपासचा, ओल्या रस्त्यावर चांगला ब्रेक देणारा स्पोर्ट टायर निवडेन. आणि ‘लाखभर किलोमीटर चालतो’ म्हणून खपवलेला कडक टायर ट्रॅकवर नेऊ नये. तो चीं-चीं करत घसरतो, पावसाळ्यातही डोकं दुखवतो.

‘भावा, रुंद घाल, चिकटून पळते’

हा सल्ला प्रत्येक टायर दुकानाबाहेर फुकट मिळतो. १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर असलेल्या गाडीला १९५/६० आर१५ घातला तर बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटरवरून ६१५ वर येतो, एक टक्का फरक. एवढं चालून जातं, पण रिम साडेपाच इंच रुंद हवी. मूळ रिम पाच इंची असेल तर टायर फुगून बसतो, वळणावर बाजू लोळते आणि रुंदीचा फायदा तिथेच संपतो. त्याहून रुंद टायर घालून छोट्या इंजिनची गाडी जड करायची, मायलेज घालवायचं आणि पावसात पाण्यावर लवकर तरंगायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

उंचीचंही तसंच. १८५/६५ ची बाजू १२० मिलिमीटर उंच असते. २०५/४५ ची जेमतेम ९२. मोठी अलॉय घालून २०५/४५ चढवला की गाडी दिसते झकास. मग गाळपाच्या दिवसांत रात्री चिकोडीकडून येताना समोर टेललॅम्प नसलेली उसाची ट्रॉली दिसते, तिला चुकवताना चाक खड्ड्यात जातं आणि रिम वाकते.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग सोसतो) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. एवढंच.

तारीख न बघता पैसे देणे

बाजूला चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही तारीख बऱ्याच टायरांच्या एकाच बाजूला असते. दुकानदाराने ती बाजू आत घालून टायर बसवला तर गाडीखाली डोकं घातल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधीच चारही हातात घेऊन वाचा. दोन नवे, दोन तीन वर्षं गोदामात पडलेले, असा संच ट्रॅकवर चालत नाही. रबर कडक झालेलं चाक आधी सुटतं, आणि ते मागचं असेल तर गाडी गिरकी घेते.

हवा: सगळ्यात महागात पडणारी चूक

‘ट्रॅकवर हवा कमी करायची असते’ हे अर्धंच ऐकून लोक सरळ पंचवीस पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) करून उतरतात. त्यामागचं गणित असं. टायर तापला की दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय वाढतात. थंड असताना बत्तीस भरलेला टायर चार-पाच जोरदार लॅपनंतर अडतीसच्या घरात सहज जातो, पुढच्या चाकांचे तर आणखी. म्हणून सुरुवातीला दोन-तीन पीएसआय कमी ठेवतात आणि तापल्यावर पुन्हा मोजून ठरवतात. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानात आखलेल्या छोट्या वळणावळणाच्या वाटेवर एकेकट्याने वेळ लावून पळवायच्या शर्यतीत, धाव मिनिटभराची असते, टायर तापायला वेळच मिळत नाही. तिथे हवा कमी करणं साफ चूक. उलट कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन जास्त ठेवा.

नेमकं किती, हे खडूने कळतं. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, बारीक त्रिकोणी खूण असते. त्या खुणेवरून नक्षीपासून बाजूपर्यंत खडूची रेघ ओढा आणि दोन लॅप मारून या. रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली गेली तर हवा बरोबर. टोक ओलांडून बाजूवरची रेघही पुसली असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय भरा. टोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबली तर दोन काढा. चारही चाकांवर वेगवेगळं दिसेल. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर डावा पुढचा टायर सगळ्यात जास्त मार खातो.

यासाठी स्वतःचा गेज पाहिजे. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

आता खरी गडबड. तापलेल्या टायरमधून हवा काढून छत्तीसवर आणली आणि गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी गेज सव्वीस-अठ्ठावीस दाखवतो. तेवढ्याच हवेवर सामान, मित्र भरून हायवेला लागलात की टायरची बाजू तापत राहते, आणि फुटला तर शंभरच्या वेगात फुटतो. पाऊस असेल तर दुसरा धोका आहे. पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग काढायचा एक ढोबळ हिशेब नासाने विमानाच्या टायरसाठी मांडला होता. त्यात बत्तीस पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात, सव्वीसला ८५. कारला तो तंतोतंत लागू नाही, पण दिशा तीच: हवा कमी, तर तरंगणं लवकर. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरएवढी हवा भरा.

पुढचे दोनच बदलणे

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे टायर ट्रॅकवर लवकर संपतात, म्हणून नवे दोन पुढे आणि जुने मागे, असं सर्रास करतात. ओल्या रस्त्यावर मग मागची बाजू आधी सुटते आणि ती सावरणं पुढची सावरण्यापेक्षा अवघड. नवी जोडी मागे घाला. त्याहून बरं म्हणजे चारही टायर वेळच्या वेळी फिरवत राहा, म्हणजे एकदमच संपतील. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण आपल्याकडच्या पावसाला तीनच्या खाली मी तरी थांबणार नाही.

घरी येताना स्टिअरिंग थरथरतंय?

ट्रॅक सोडल्यावर लगेच थरथर आणि काही किलोमीटरनंतर बंद, तर वितळलेल्या रबराचे गोळे टायरला चिकटले होते. काळजी नको. वेगाबरोबर धडधड वाढत जाते, तर ब्रेक लॉक होऊन टायर एका जागी घासलाय. हाताने फिरवून पाहिलं की सपाट जागा बोटाला लागते. ऐंशी ते शंभरच्या दरम्यानच थरथरतं, तर बॅलन्सिंगचं वजन पडलंय. गाडी एका बाजूला ओढते, तर अलाइनमेंट. आणि टायरच्या बाजूला फुगवटा दिसला तर आतले धागे तुटलेत. अशा टायरवर घरापर्यंतही जाऊ नका, स्टेपनी घाला. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर चालवू नका. चाकांचे नट मात्र थरथर असो वा नसो, निघण्यापूर्वी पान्याने तपासा.

लाल माती

ऑटोक्रॉस मातीच्या मैदानावर असेल तर टायरची निवडच बदलते. तिथे अरुंद, उंच बाजूचा, मोकळ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर हवा. स्पोर्ट टायरची बारीक नक्षी खानापूरच्या चिकट लाल मातीने लिंपून जाते आणि गाडी साबणावर असल्यासारखी सरकते.

दोन्ही शौक जपायचे असतील तर जुन्या स्टीलच्या रिमवर दुसरा संच ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. फक्त एक लक्षात घ्या. चार चाकं डिकीत मावत नाहीत, मागची सीट पाडावी लागते. सोबत तीन मित्र निघाले असतील तर दोघांना बेंगळुरूपर्यंत रेल्वेने पाठवा.