कला आणि तंत्रज्ञान यांच्या सांध्यावर काम करणारा डिझायनर कसे व्हावे

चित्र आणि संगणक या दोन्हींची ओढ असलेल्यांना बहुधा सांगितले जाते की आधी एक विषय पक्का करा, मग दुसऱ्याकडे वळा. मला हा सल्ला पटत नाही. पहिल्यापासूनच एखादे छोटे काम घ्यावे आणि ते हाताने व कोडने, असे दोन्ही अंगांनी तडीस न्यावे.

सुरुवात आलेख-कागदापासून करावी. १९८४ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची पडद्यावरची चिन्हे (आयकॉन) डिझायनर सुझन केअर यांनी अशाच कागदावर रेखाटली होती: ३२ आडवे, ३२ उभे, म्हणजे १,०२४ चौकोन, आणि प्रत्येक चौकोन एकतर काळा किंवा पांढरा. एखादी छत्री या मर्यादेत काढून पाहा. तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी तुटते, मूठ जाड दिसते, आणि कोणता चौकोन मोकळा सोडायचा हे ठरवता ठरवता यंत्राची मर्यादा रेखाटनातच मुरते.

मग तीच छत्री कोडमधून काढावी. केसी रीस व बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये सुरू केलेले, कोड लिहून चित्रे काढण्याचे ‘प्रोसेसिंग’ आणि त्याच धर्तीचे, ब्राउझरमध्ये चालणारे पीफाइव्ह जेएस ही दोन्ही साधने मोफत असून कलावंतांना डोळ्यांपुढे ठेवूनच घडवलेली आहेत. लूपमधून, म्हणजे तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणाऱ्या कोडमधून, चौकोन उमटू लागले की त्यांचा आकार माउसपासूनच्या अंतराशी जोडावा. चित्र हलू लागताच ते किती वेगाने फुलावे आणि कुठे थांबावे, हे कागदावर कधीच न पडलेले प्रश्न समोर येतात. या व्यवसायातले खरे शिक्षण मला तिथेच दिसते.

रंगांच्या बाबतीत नजरेला मोजमापाची जोड हवी. वेब सुलभतेच्या प्रचलित निकषांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचे गुणोत्तर, किमान ४.५ : १ असावा लागतो, आणि दृष्टी अधू असलेल्या वाचकासाठी तो पाळणे हे डिझायनरचे कर्तव्यच आहे.

इंटरॅक्शन डिझाइन (वापरणाऱ्याच्या कृतीला यंत्राने कसा प्रतिसाद द्यावा याची रचना), माहितीचे दृश्यांकन, संग्रहालयांतील परस्परसंवादी मांडणी अशा कामांसाठी अर्ज करताना पोर्टफोलिओत केवळ देखणी अंतिम चित्रे नसावीत. कच्ची रेखाटने, बाद केलेले पर्याय, ते बाद करण्यामागची कारणे आणि चालू स्थितीतला कोड हेही असावे. प्रत्येक कामाचे स्क्रीन-रेकॉर्डिंगही जपून ठेवावे, कारण ॲडोबीने २०२० अखेर फ्लॅश या ॲनिमेशनच्या साधनाचा आधार काढून घेतल्यावर त्यात केलेल्या असंख्य कलाकृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या.