गावची भाजी गावातच पिकवताना या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी चढले, शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि चारही बाजूंना हिरवागार ऊस उभा असलेल्या आमच्या गावात कोथिंबिरीची एक जुडी मिळेनाशी झाली. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळ या भागांत अनेक गटांनी परसबागा लावल्या, बियाणे साठवायला घेतले, सामायिक जागेत भाजीचे वाफे केले. मी बचत गटांबरोबर हेच काम करते. लोकांच्या उत्साहाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. परंतु दरवर्षी नवीन गट येतात आणि त्याच चुका त्याच क्रमाने करतात, तेव्हा जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळे बियाणे एकाच कपाटात

ही चूक आम्ही स्वतः केली आणि ती सर्वांत महागात पडली. आमच्या गटाने दोन वर्षे घरोघरी फिरून पावटा, घेवडा, चवळी, दोडका, अंबाडी, पोकळा असे गावातले जुने बी जमवले होते. ते नीट वाळवून, डब्यांवर नावे लिहून समाजमंदिरातल्या लोखंडी कपाटात कुलपाखाली ठेवले. २००५ च्या पुराची खूण मंदिराच्या पायरीच्या खाली होती, त्यामुळे जागा सुरक्षित आहे असे सर्वांनी एकमताने ठरवले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि कपाटाचे वरून दोन कप्पे सोडले तर बाकी सगळे बुडाले.

पाणी उतरल्यावर आम्ही कपाट उघडायला गेलो, तेव्हा दार गाळाने घट्ट धरले होते. पहारीने ते उचकटले. घेवड्याच्या डब्याचे झाकण आतल्या फुगलेल्या दाण्यांनी वर उचलले गेले होते, वालाला बोटभर मोड आले होते आणि अंबाडीच्या पुडीचा काळा, आंबट वासाचा गोळा झाला होता. वरच्या कप्प्यांतले बी पाण्यात गेले नव्हते, तरी आठवडाभराच्या दमटपणाने त्याला बुरशी धरली.

गटातल्या एका आक्कांनी मात्र आपला काळा पावटा पूर्ण जमा केला नव्हता. अर्धाच दिला होता. त्याबद्दल बैठकीत त्यांना बोलणी खावी लागली होती आणि बोलणाऱ्यांत मीही होते. त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "समदं बी एका जागी घालू नगंस बाई. थोडं माझ्या माहेरात हाय, ऱ्हाऊ दे तिथंच." त्यांचे माहेर पन्हाळ्याच्या बाजूला, चढावर. पुरानंतर त्या गाडगेभर पावटा घेऊन आल्या आणि आज आमच्याकडे तो पावटा टिकून आहे तो त्या गाडग्यामुळे.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. प्रत्येक वाणाचे तीन वाटे करायचे: एक पिकवणाऱ्या घरात माळ्यावर, एक गटाकडे, आणि एक नदीपासून लांब, उंचावरच्या गावात नात्यातल्या कुणाकडे तरी. आपल्याकडे बायकांची माहेरे वेगवेगळ्या तालुक्यांत असतात. भुदरगड, शाहूवाडी, आजरा इथली ही घरे बियाणे जपण्यासाठी कोणत्याही कपाटापेक्षा भरवशाची आहेत आणि त्यांना अनुदान लागत नाही. साठवण्यापूर्वी दाणा दातांखाली धरून पाहते. कटकन फुटला तर वाळला. दात रुतला तर आणखी दोन दिवस उन्हात. ओलसर बी हवाबंद बरणीत घालणे म्हणजे ते स्वतःच्या हाताने कुजवणे आहे. कडधान्य व शेंगभाज्यांच्या बियांत मी आजही चाळलेली कोरडी राख मिसळते.

कच्चे शेणखत

नवख्यांची घाई इथे सर्वांत जास्त दिसते. उकिरड्यात चार-सहा महिने खत मुरवायला कुणाला वेळ नसतो. मे महिन्यात गोठ्यातले ताजे शेण ट्रॉलीने आणून वाफ्यात टाकायचे आणि जून उजाडताच रोपे लावायची, असा सरळ हिशेब असतो. शहरातून गावी परतलेल्या एका तरुणाने, मी दोनदा सांगूनही, दहा गुंठ्यांत हेच केले. वळवाच्या पावसानंतर हुमणी या मुळे खाणाऱ्या किडीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेले शेण त्यांना फार मानवते. गणपतीच्या सुमारास त्याची वांगी भर उन्हात मान टाकू लागली, तेव्हा पाणी कमी पडते असे समजून तो रोज पाणी वाढवत गेला. मी जाऊन एक झाड धरले, तर ते अलगद हातात आले, कारण खाली मूळच उरले नव्हते. मातीत करंगळीएवढ्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अर्धगोल अळ्या होत्या, एकेका झाडाखाली पाच-सहा.

झाड कोमेजले की पाणी सोडण्याआधी ते उपटून मूळ पाहावे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. खत हातात घेतल्यावर काळे, भुसभुशीत आणि शेणाच्या वासाचा लवलेश नसलेले असावे. तसे नसेल तर ते वापरू नये, त्या हंगामात क्षेत्र निम्मे करावे. ढीग पालटताना दिसतील त्या अळ्या वेचून काढाव्यात. वळवाच्या पावसानंतर सलग काही संध्याकाळी कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे हे काम मात्र एकट्याच्या रानात करून उपयोगाचे नाही. त्यासाठी सारी गल्ली बाहेर पडावी लागते. हुमणीच्या अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचा उपयोग होतो, परंतु ती मुरलेल्या खतात मिसळून ओल्या जमिनीत दिली तरच.

बाकीच्या चुका

उसाविरुद्ध भाषणे करून कुणी भाजीकडे वळत नाही. कारखान्याच्या खात्रीच्या पैशावर ज्याचे घर चालते, त्याला ऊस काढायला सांगण्यापेक्षा, लागणीनंतर पहिले तीन महिने मोकळ्या असणाऱ्या सरीत मेथी, कोथिंबीर, कांदा, भुईमूग घ्यायला सांगावे. फक्त त्या रानात तणनाशक मारायचे नाही हे आधी कबूल करून घ्यावे, आणि शेजारच्या रानात टू-फोर-डी हे तणनाशक फवारले जाणार असेल तर वाऱ्याची दिशाही पाहावी, कारण वांगी, टोमॅटो आणि घेवडा त्याच्या नुसत्या वाऱ्यानेही आकसतात.

संकरित वाणाच्या फळातले बी धरून ठेवू नये. पुढच्या वर्षी झाडे एकसारखी निघत नाहीत. भोपळ्याचे दोन वाण शेजारी असतील तर बियांसाठी राखायच्या फुलाची कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावी, सकाळी हाताने परागीभवन करून पुन्हा बांधावी. सगळ्यांनी एकाच दिवशी टोमॅटो लावला की एकाच आठवड्यात सगळ्यांचा टोमॅटो येतो. नुसत्या पालेभाज्यांवर भर देणारी बाग पुराच्या आठवड्यात कामाची नाही. देठासह काढलेला लाल भोपळा, सुरण आणि घरात साठवलेला कांदा त्या दिवसांत ताटात राहतो. पाटाचे पाणी फुकट आहे म्हणून भाजीला रोज सोडू नये. शिरोळकडे अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतोच.

शेवटी उगवण चाचणी, जी घाईत बहुतेक सगळे टाळतात. मे महिन्याच्या मध्यावर प्रत्येक वाणाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, गोणपाट रोज शिंपडावे आणि आठव्या दिवशी मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तरच्या वर आले तर निर्धास्त पेरावे. त्याखाली आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. निम्मेही आले नाहीत तर ते बी बाजूला ठेवावे. मृग निघायला अजून पंधरा दिवस असतात, आणि तेवढ्यात चढावरच्या नातेवाइकांकडचा तिसरा वाटा मागवून घेता येतो.