विरोधी संघातला दोस्त: हॉकीत मैत्री कशी टिकवायची

मेजर ध्यानचंद मैदानावर सकाळी एकत्र घाम गाळणारे दोघे स्पर्धेत वेगवेगळ्या जर्सीत समोरासमोर येतात, हे कोल्हापुरात नेहमीचंच. मॅचच्या दोन दिवस आधीपासून आपसात हॉकीचा विषय बंद ठेवा, त्यातही पेनल्टी कॉर्नरचा, म्हणजे गोलजवळच्या फाऊलबद्दल गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून मिळणाऱ्या संधीचा. पुश करून चेंडू आत कोण ढकलणार, तो स्टॉप कोण करणार, थेट ड्रॅग-फ्लिक (स्टिकनं चेंडू ओढत गोलवर भिरकावणं) की पास, हे चेष्टेतही तोंडातून निसटलं तर आपल्याच संघाचा विश्वास जातो. उलट बाजूनंही तसंच: दोस्ताचा गुडघा दुखतोय हे घरोब्यामुळं कळलं असेल, तर ते कोचच्या कानावर घालू नका.

मैदानात टॅकल पूर्ण ताकदीनं करा, स्टिक मात्र चेंडूवरच. हात आखडता घेणं हा मित्राचाच अपमान आहे. खरी कटुता कार्डावरून येते. हिरव्या कार्डाला २ मिनिटं, पिवळ्याला किमान ५ मिनिटं बाहेर बसावं लागतं. मित्राला कार्ड दाखवा म्हणून अंपायरकडे ओरडलात, तर तो ते वर्षभर विसरत नाही.

शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकटा खेळाडू विरुद्ध गोलकीपर अशा लढतीत, ८ सेकंदांत मित्राचा गोल हुकला, तर लगेच समजूत घालू नका. हात मिळवा आणि बाजूला व्हा. तांबडा-पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी, बिल जिंकणाऱ्याचं.