चढणीच्या माशांसाठी ओढा मोकळा करताना

मृगाच्या पावसाने ओढ्याला पहिलं गढूळ पाणी आलं की धरणातले, मोठ्या नदीतले मासे अंडी घालायला वर चढू लागतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगराकडून उतरणाऱ्या ओढ्यांवर हे चढणीचे मासे पूर्वी भरपूर असत. आता अनेक ठिकाणी ते पहिल्या सिमेंट बंधाऱ्याच्या पायथ्याशीच अडकतात आणि तिथेच पकडले जातात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून नदीत चढणाऱ्या सामन माशांसाठी ओढे दुरुस्त करतात. आपल्या मळ्या, खवली, शिंगटा यांचा प्रवास त्यामानाने फार छोटा, पण गरजा त्याच: वर जायला वाट, अंडी घालायला स्वच्छ गोटे आणि मे महिन्यात तग धरायला खोल डोह. यातली एक जरी नसली तरी बाकीच्या दोनांवर केलेला खर्च पाण्यात जातो.

काम सुरू करण्याआधी ओढा दोनदा चालून काढा, एकदा मे महिन्याच्या मध्यावर आणि एकदा पहिल्या पुरानंतर दोन-तीन दिवसांनी. मे महिन्यात कुठे पाणी टिकलंय आणि त्यात कुणाचे पंप आहेत हे कळतं. पुरानंतर मासे कुठे अडतात ते दिसतं. बंधारे, रस्त्याखालच्या मोऱ्या, डोह, झरे आणि गटारांची तोंडं गावच्या नकाशावर मांडा. ओढ्यातले गोटे उलटे करून पाहा. खाली चपट्या, शेपटीला दोन-तीन केसांसारखे धागे असलेल्या अळ्या चिकटलेल्या असतील तर पाणी अजून चांगलं आहे. नुसते लाल किडे असतील तर आधी वरचं सांडपाणी शोधा. विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असाल तर उजाडायच्या आत मोजा, कारण तो तेव्हाच सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे अडचणीत येतात. दुपारचा आकडा फसवतो.

ओढ्याचं पात्र कुणाच्या सातबाऱ्याला लागून असलं तरी त्याच्या मालकीचं नसतं. ग्रामसभेचा ठराव, जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंद आणि बंधारा ज्या खात्याचा असेल त्याची लेखी परवानगी घ्या. पात्रातला मुरूम किंवा वाळू बाहेर नेली तर ते गौण खनिजाचं प्रकरण होतं, म्हणून निघालेलं साहित्य पात्रातच वापरा.

आता बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे गाळ्यांत फळ्या लावून पाणी अडवायचा असेल तर निम्मं काम फुकटात होतं: फळ्या मेअखेर काढून ठेवा. पहिल्या पुरात फळ्या जागेवर राहिल्या तर त्या वर्षीची चढण बुडाली म्हणून समजा. पावसाळा संपल्यावर लावतानाही सगळे गाळे एकाच दिवशी बंद करू नका. एका गाळ्यातून थोडं पाणी चालू ठेवून टप्प्याटप्प्याने भरा, नाहीतर खालचा ओढा एका रात्रीत कोरडा पडतो आणि उतरणारी पिल्लं उघड्यावर मरतात.

पक्क्या सिमेंट बंधाऱ्याला मात्र दगडी उतार बांधावा लागतो. लहान मासे उडी मारत नाहीत. मळ्या तोंडाखालच्या चकतीने ओल्या कातळाला चिकटून थोडा चढतो, बाकीच्यांना सलग पाणी लागतं. उतार १ ला २० पेक्षा तीव्र नको. म्हणजे ३ फूट उंचीच्या बंधाऱ्याला ६० फूट लांबी. रुंदी १० फूट धरली तर नुसता भराव ९ ब्रास (९०० घनफूट) होतो, बाजूच्या उतारांसह बारा-तेरा ब्रास. दीड ते दोन फूट व्यासाचे काळे गोटे दर ५ फुटांवर आडव्या रांगेत, एक तृतीयांश उंची गाडून बसवा. अशा बारा रांगा होतात आणि प्रत्येक रांगेला पाणी फक्त ३ इंच उतरतं. गोट्यांमध्ये ६ ते ८ इंचाची फट सोडा आणि पुढच्या रांगेतली फट मागच्या फटीसमोर येऊ देऊ नका. सरळ रेषेत आल्या की पाण्याला वेग मिळतो आणि मासा दमून मागे फिरतो. पायथ्याची शेवटची रांग सर्वांत वजनदार दगडांची आणि पात्राच्या तळाखाली निदान २ फूट रोवलेली हवी. पूर उतार उखडतो तो खालूनच.

हमखास चुकतं ते भरावाच्या मालात. नुसते मोठे दगड टाकले तर कमी पाण्याच्या दिवसांत सगळं पाणी दगडांच्या आतून निघून जातं आणि वरून उतार कोरडा दिसतो. म्हणून डबर, खडी, वाळू आणि थोडा मुरूम एकत्र करून थरावर थर द्या आणि प्रत्येक थरावर टँकरचं पाणी मारून बारीक माल फटीत मुरवा. पाणी वर उभं राहू लागेपर्यंत पुढचा थर नको. उताराचा माथा बंधाऱ्याच्या ज्या भागावरून पाणी सगळ्यात आधी सांडतं तिथेच जोडा. दुसरीकडे जोडला तर मासे धबधब्याखाली गोळा होतात आणि शेजारची वाट त्यांना सापडत नाही.

नळाच्या मोरीचंही तेच. खालच्या तोंडाशी पाणी कोसळत असेल तर मोरी बंदच समजा. नवी टाकताना नळाचा एक पंचमांश व्यास तळाखाली गाडा, म्हणजे आत गोटे साचून नैसर्गिक तळ तयार होतो. सामनच्या ओढ्यांत मोठे ओंडके टाकून आडोसे करतात. ते इथे करू नका. आपल्या पुरात ओंडका सुटतो आणि खालच्या मोरीत जाऊन बसतो.

डोहाच्या बाबतीत एकच सांगणं आहे: पोकलेन लावून सरसकट खोलीकरण करू नका. डोहाच्या खालच्या तोंडाशी बहुतेक वेळा कातळाचा किंवा घट्ट मुरमाचा उंबरठा असतो आणि डोह त्याच्यामुळेच भरलेला राहतो. तो फोडला की डोह रिकामा होतो आणि ओढ्याचं गटार होतं. गाळ काढायचाच तर उंबरठ्यापासून १० फूट सोडून, मे महिन्यात ४-५ फूट पाणी राहील एवढाच, आणि वरच्या अंगाला जिथे पाणी उथळ खळखळतं तिथले गोटे न हलवता काढा. काही जाती याच गोट्यांत अंडी सोडतात, तर काही पुरात बुडालेल्या काठच्या गवतात. गोट्यांच्या फटीत गाळ बसला की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. गोटे नाहीसेच झाले असतील तर १ ते ४ सेंटीमीटरचे धुतलेले गोल गोटे ६ ते ९ इंच थरात पसरा. क्रशरची धारदार खडी नको.

डोहावरच्या पंपांसाठी आधीच बैठक घ्या, एप्रिलमध्ये कुणी ऐकत नाही. काठच्या दगडावर ऑइल पेंटने रेघ मारा. पाणी तिथवर उतरलं की पंप बंद. रेघेखाली ३ फूट पाणी उरलं पाहिजे. पंपाच्या नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून ३ फूट वर बांधा आणि त्याभोवती २-३ मिलिमीटरच्या जाळीची मोठी टोपली करा. जाळी व्हॉल्व्हला घट्ट गुंडाळली तर शेवाळाने तासाभरात तुंबते, पंप हवा घेतो आणि वैतागलेला माणूस जाळी कापून टाकतो.

दिंडोरी-निफाडकडे खरा धोका द्राक्षबागांच्या फवारणीचा. १ टक्का बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो आणि तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशकं त्याहून जहाल. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धाकाने फवारण्या वाढतात. तेव्हा ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी ओढ्यावर भरायची नाही आणि तिथे धुवायचीही नाही. टाकी तीनदा खळखळून ते पाणी आपल्याच बागेत फवारा. काठालगत निदान १५ फूट पट्टा वाळा आणि लव्हाळ्याचा ठेवा. त्यामागे करंज, जांभूळ, उंबर, आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज. जूनमध्ये लावा आणि जनावरं दोन-तीन पावसाळे दूर ठेवा. त्यांना पाण्यावर उतरायला एकच दगडी वाट करून द्या. बेशरमाची झुडपं असतील तर मुळासकट काढा, तुकडा राहिला तरी फुटतो.

बाहेरून मासे आणून सोडायचा मोह टाळा. चिलापी, थाई मांगूर आणि डासांसाठी सोडले जाणारे गप्पी एकदा शिरले की निघत नाहीत. देवळालीजवळच्या दारणेतून होरा आणि मिश्रा यांनी १९३८ साली नोंदवलेला पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी हा छोटा मासा आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अशा जाती बाहेरच्यांपुढे टिकत नाहीत. वाट मोकळी झाली की मासे खालून आपोआप येतात. पावसाचे पहिले पंधरा दिवस दगडी उतारावर आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाळं लावायचं नाही, एवढा नियम ग्रामसभेत करा. ब्लिचिंग, सुरुंग किंवा विजेचा करंट वापरून मासे मारण्यावर बाराही महिने बंदी.

पहिल्या पुरानंतर सकाळी उताराच्या माथ्यावर हातजाळं फिरवून पाहा. खाली मासे साचलेत आणि वर काहीच नाही, असं असेल तर कुठल्या रांगेपाशी अडतात ते शोधा. बहुतेक वेळा एखादा दगड सरकून ३ इंचाची पायरी ७-८ इंचाची झालेली असते. पाणी ओसरल्यावर त्या रांगेच्या खाली दोन दगड बसवले की काम भागतं.